सायकलीचा बिल्ला आणि पिरंगुटची साइडपट्टी

आमच्या पिरंगुटच्या चौकात चहाच्या टपरीवर सायकलींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. ‘‘रोड टॅक्स आम्ही भरायचा, पेट्रोलवरचा कर आम्ही भरायचा आणि खर्च मात्र सायकलवाल्यांसाठी!’’ बोलणारा बहुधा भूगावच्या कोंडीतून क्लच दाबून दाबून पाय आखडलेल्या अवस्थेत आलेला असतो, त्यामुळे त्याच्या रागाला कारण नसतं असं नाही. जानेवारी 2026 मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत जिल्ह्यात झाली. 19 ते 23 जानेवारी असे पाच दिवस, एकूण 437 किलोमीटर. मुळशी-मावळातले रस्तेही तिच्या वाटेवर होते. शर्यतीआधी त्या रस्त्यांवरचे खड्डे बुजले, नवं डांबर पडलं, आणि शर्यतीच्या दिवशी ठिकठिकाणी वाहतूक वळवण्यात आली. तेव्हापासून टपरीवरच्या त्या वाक्याला आणखी धार आली आहे. आमचे अर्ज वर्षानुवर्षं धूळ खातात आणि परदेशी सायकलपटू येणार म्हटलं की रोलर हजर, असा एकूण सूर.

मला हा प्रश्न चेष्टेवारी न्यावासा वाटत नाही. आपल्या पैशाचं काय झालं हे विचारायचा हक्क सगळ्यांना आहे. मी चारचाकीही चालवतो आणि सायकलही, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या मला पोहोचलेल्या आहेत. आज हा वाद जरा हिशेबानं पाहू.

आधी एक जुनी गोष्ट. ज्यांनी सत्तरी ओलांडली आहे त्यांना सायकलीचा बिल्ला आठवत असेल. नगरपालिकेत वर्षाचा कर भरायचा, मग धातूचा एक छोटा बिल्ला मिळायचा, तो सायकलीला दिसेल असा अडकवायचा. बिल्ला नसला, अंधार पडल्यावर दिवा नसला किंवा मागे डबलसीट बसवलेलं असलं, की नाक्यावर अडवून दंड. वाहनं, नौका आणि जनावरं यांच्यावर कर बसवण्याची तरतूद 1949 च्या महानगरपालिका अधिनियमातच केलेली होती. तेव्हा पुण्याला सायकलींचं शहर म्हणत. मोटारी मोजक्याच घरांत असत. म्हणजे सायकलवाला फुकट रस्ता वापरतो हे म्हणणं निदान त्या काळाला लागू पडत नव्हतं. उलट रस्त्यावरची बहुसंख्य गर्दी त्याचीच होती आणि पालिकेच्या तिजोरीत तो वेगळी भरही घालत होता.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. आज ज्या हॉलंडचं नाव सायकलींच्या बाबतीत सगळे घेतात, तिथे 1924 साली सायकलींवर कर बसवला गेला. तिथेही धातूचा बिल्लाच होता. 1941 मध्ये तो कर गेला, पण मधल्या काळात त्या पैशातून जे रस्ते झाले त्यावरून पुढे मोटारी धावल्या. इंग्लंडात तर गुळगुळीत रस्त्यांची मागणी मोटार जन्माला येण्याच्या सुमारासच सायकलस्वारांनी सुरू केली होती. रस्ते सुधारावेत म्हणून 1886 साली तिथे जी संस्था निघाली ती सायकलवाल्यांच्या मंडळांनी काढलेली होती. 

पुण्यात चित्र पालटलं ते 1972 नंतर. त्याच वर्षी आकुर्डीच्या बजाजची ‘चेतक’ आली आणि त्याच वर्षी पुण्याच्या कायनेटिकची ‘लुना’ आली. दोन्ही आपल्याच गावच्या. सायकलीवरचा कारकून लुनावर गेला, लुनावरचा स्कूटरवर, स्कूटरवरचा पुढे मोटारसायकलवर आणि मोटारीत. 2018 मध्ये पुण्यातल्या वाहनांची संख्या माणसांच्या संख्येपुढे गेल्याचं वर्तमानपत्रांत आलं तेव्हा फारसं कुणाला आश्चर्यही वाटलं नाही. बिल्ला मध्येच कधीतरी विस्मरणात गेला आणि ‘सायकलवाले कर भरत नाहीत’ हे वाक्य त्याच्या जागी आलं.

आता आजच्या कराचं पाहू. गाडी घेताना आपण जो एकरकमी कर भरतो, ज्याला बोलीभाषेत रोड टॅक्स म्हणतात, तो महाराष्ट्रात 1958 च्या मोटार वाहन कर कायद्याखाली राज्य सरकार घेतं. हा पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जातो. तिथून शिक्षकांचे पगार होतात, धरणं होतात, दवाखाने चालतात आणि रस्तेही होतात. नावात ‘रोड’ असल्यामुळे तो पैसा रस्त्यासाठीच राखून ठेवलेला आहे अशी आपली समजूत होते. पेट्रोलच्या बाबतीत गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि इथे मोटारवाल्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पेट्रोल-डिझेलवर केंद्र सरकार जे शुल्क घेतं त्यातला एक भाग हा रस्त्यांसाठीचा उपकर असतो. त्यासाठी 2000 साली स्वतंत्र कायदा झाला आणि त्या निधीतून राष्ट्रीय महामार्गांना मोठा पैसा मिळतो. पुण्याहून पौड, ताम्हिणी घाट उतरून माणगावकडे जाणारा आमचा हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग आहे, क्रमांक 753 एफ. तेव्हा ‘या रस्त्यात आमच्या पेट्रोलचा पैसा आहे’ असं कुणी म्हणालं तर ते खरं आहे.

पण घरापासून या महामार्गापर्यंत आपण ज्या रस्त्यावरून येतो त्यात पेट्रोलचा पैसा किती? गल्लीबोळ, वाडीचा रस्ता, शहरातले प्रभागातले रस्ते हे मुख्यतः स्थानिक संस्थेचं काम. महापालिकेचा पैसा मिळकतकरातून येतो, बांधकामाच्या विकास शुल्कातून येतो आणि जकात गेल्यावर तिच्या बदल्यात सरकारकडून येणाऱ्या अनुदानातून येतो. ग्रामपंचायतीकडे घरपट्टी असते. हे सगळं सायकलवाला भरतो. स्वतःचं घर असेल तर थेट भरतो, भाड्याच्या खोलीत राहत असेल तर भाड्यातून भरतो. साबणापासून चपलेपर्यंत तो जे विकत घेतो त्यावर जीएसटी आहे, खुद्द सायकलीवरही आहे. 22 सप्टेंबर 2025 पर्यंत सायकलीवर 12 टक्के होता, त्या दिवसापासून तो 5 टक्के झाला. तेव्हा सायकलवाला कर भरत नाही हे विधान हिशेबात टिकत नाही. तो मोटारवाल्यापेक्षा कमी भरतो, एवढंच खरं.

कमी भरतो तर मग त्यानं रस्ता किती वापरला हेही पाहायला हवं. इथे एक मजेदार शास्त्र आहे आणि ते सांगण्याजोगं आहे.

1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात एक मोठा प्रयोग झाला. मुद्दाम वेगवेगळ्या जाडीचे रस्ते गोलाकार मार्गांवर बांधले आणि त्यावरून दोन वर्षं ट्रक फिरवले. ट्रक चालवायला लष्कराचे जवान होते. कोणता रस्ता किती फेऱ्यांनंतर उखडतो याची नोंद ठेवली. त्यातून एक ठोकताळा निघाला आणि जगभरचे रस्ते बांधणारे इंजिनिअर आजही तो वापरतात. रस्त्याची झीज ही आसावरच्या, म्हणजे अ‍ॅक्सलवरच्या वजनाच्या चौथ्या घातानं वाढते. सोप्या भाषेत, आसावरचं वजन दुप्पट झालं की नुकसान दुप्पट होत नाही, सोळापट होतं.

आता घरगुती गणित करा. लहान मोटार एक टनाची धरली तर एका आसावर 500 किलो आले. सायकल आणि तिच्यावरचा माणूस मिळून 100 किलो धरले तर एका चाकावर 50 किलो. मोटारीचं वजन दहापट, म्हणून नुकसान दहाचा चौथा घात, म्हणजे दहा हजारपट. एका मोटारीनं एका फेरीत रस्ता जेवढा झिजवला तेवढा झिजवायला सायकलवाल्यानं दहा हजार फेऱ्या माराव्या लागतील. रोज दोन फेऱ्या धरल्या तर साडेतेरा वर्षांहून थोडी अधिकच होतात. आणि मुळशीतून खडी भरून येणाऱ्या डंपरच्या आसावर जर दहा टन असतील, तर ते वजन मोटारीच्या वीसपट. वीसचा चौथा घात एक लाख साठ हजार. डंपरचा एक आस एकदा जाणं म्हणजे मोटारीचा आस एक लाख साठ हजार वेळा जाणं. हा ठोकताळा आहे, तराजू नाही, डांबराच्या जातीप्रमाणे आणि हवामानाप्रमाणे आकडे खालीवर होतात. पण माझ्या मते टपरीवर सायकलवाल्यावर चिडणाऱ्या मोटारवाल्यानं एकदा मागे वळून डंपरकडे पाहायला हरकत नाही. त्याच्या पेट्रोलच्या पैशानं जो खड्डा बुजवला जातो, तो बहुतांशी त्यानंही पाडलेला नसतो.

अर्थात रस्ता म्हणजे फक्त झीज नव्हे, जागाही लागते. शहरात भांडण होतं ते जागेवरूनच. म्हणून आता पुण्याकडे येऊ.

पुण्यात सायकलींच्या नावानं मोठा खर्च सुरू झाला तो केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून. डिसेंबर 2005 मध्ये ते अभियान आलं, 2006 मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं. गाड्या हलवण्यापेक्षा माणसं हलवण्याला महत्त्व द्या, असा त्या धोरणाचा आशय होता. त्याच वर्षाच्या अखेरीस कात्रज ते हडपसर बीआरटी सुरू झाली आणि तिच्या कडेनं सायकल मार्ग झाले. पुढे आणखीही रस्त्यांवर झाले. ज्यांनी ते वापरायचा प्रयत्न केला त्यांना त्यांची अवस्था माहीत आहे. पन्नास पावलं गेलं की विजेचा डीपी, मग झाड, मग बसथांबा, मग भेळेची गाडी, मग ओळीनं लावलेल्या स्कूटर. आणि जिथे धोका सगळ्यात जास्त, त्या चौकात मार्ग संपलेला. पेव्हर ब्लॉकवरून सायकल नेली की हाडं खिळखिळी होतात ते वेगळंच.

मग सायकलवाला तो मार्ग सोडून मुख्य रस्त्यावर येतो. मागचा मोटारवाला म्हणतो, बघा, एवढे कोटी घातले आणि हे पुन्हा आमच्याच वाटेत. त्याला सायकल मार्गावरचा डीपी दिसत नाही, दिसायचं कारणही नाही. मला स्वतःला त्या काळातला बराच खर्च वाया गेला असं वाटतं, आणि हे म्हणताना आपण मोटारवाल्यांच्या बाजूला गेलो असंही मला वाटत नाही. ज्या मार्गाला सुरुवात आहे आणि शेवट नाही तो बांधताना सायकल चालवणाऱ्या माणसाला विचारलेलं नसणार.

डिसेंबर 2017 मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेनं शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. सुमारे 824 किलोमीटरचं जाळं आणि अंदाजे 335 कोटींचा खर्च. त्याच सुमारास विद्यापीठ आणि औंध भागात भाड्यानं मिळणाऱ्या रंगीबेरंगी सायकली आल्या. मोबाईलवर कुलूप उघडायचं, काम झालं की कडेला लावून निघून जायचं. काही महिन्यांत त्या मोडलेल्या, सुटे भाग चोरलेल्या अवस्थेत सापडू लागल्या आणि एकेक कंपनी गाशा गुंडाळून गेली. गंमत अशी की त्या सायकली कंपन्यांच्या होत्या, पण लोकांच्या आठवणीत तो खर्च महापालिकेच्या नावावरच जमा झाला आहे.

आता 335 कोटी हा आकडा ऐकून छाती दडपते. म्हणून शेजारी दुसरा आकडा ठेवतो. आमच्या गावाचं दार म्हणजे चांदणी चौक. तिथला जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये पाडला आणि 12 ऑगस्ट 2023 रोजी नव्या उड्डाणपुलांचं आणि रस्त्यांचं उद्घाटन झालं. त्या एका चौकाचा खर्च सुमारे 865 कोटी सांगितला गेला. मी त्या कामाच्या विरोधात नाही. तिथे जे ताटकळले आहेत त्यांना विचारा, काम हवंच होतं. पण उद्घाटन झाल्यावर एक प्रश्न पुढे आला, की पायी चालणाऱ्यानं हा चौक ओलांडायचा कसा? शेकडो कोटींच्या नकाशात चालणारा माणूस शेवटी आठवला, मग सायकलवाल्याचं तर विचारायलाच नको.

मुंबईतही हेच वळण दिसतं. वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएनं 2011 च्या सुमारास सायकल मार्ग केले, ते फारसे कुणी वापरले नाहीत, आणि 2025 मध्ये ते काढून मोटारींसाठी मार्गिका वाढवण्याचं ठरलं. म्हणजे घालायला खर्च आणि काढायलाही खर्च. पवईचं प्रकरण निराळं. तिथे तलावाच्या काठानं भर घालून सायकल मार्ग चालला होता, तो मे 2022 मध्ये उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवला आणि भर काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. सायकलीचं नाव दिलं म्हणून कोणतंही काम आपोआप चांगलं होत नाही, हे सायकलप्रेमींनीही मान्य करायला हवं.

आता पिरंगुटला परत येऊ, कारण माझ्या मनात जो माणूस आहे तो इथेच आहे.

आमच्या रस्त्यावर सायकलवाले दोन तऱ्हेचे. एक शनिवार-रविवारी पहाटे दिसतो. डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटून बसणारे कपडे, मागे लुकलुकणारा लाल दिवा, सायकल माझ्या पहिल्या स्कूटरपेक्षा कितीतरी महाग. कोथरूड, बावधनकडून निघून पिरंगुटचा घाट ओलांडून पौडकडे जातो. चार-सहा जण असतात, कधी दोघं दोघं बरोबरीनं गप्पा मारत चालवतात आणि मग मागून हॉर्न वाजतात. रस्ता अरुंद असताना जोडीनं चालवू नये, हे त्यांना सांगायलाच हवं. पण व्यायामासाठी पहाटे उठणाऱ्या माणसांवर राग धरण्याइतकं ते काही मोठं पाप नाही.

दुसरा सायकलवाला आठवड्याची सुट्टी सोडून रोज दिसतो, किंवा खरं तर दिसत नाही. उरवडे, भरे, कासार आंबोली, घोटावडे फाटा इथल्या कारखान्यांत शिफ्टला जाणारा. तिघाचौघांत मिळून घेतलेल्या खोलीत राहणारा, कुणी मराठवाड्यातला, कुणी विदर्भातला, कुणी बिहार-ओडिशाचा. सायकल जुन्या बाजारातली, हँडलला डब्याची पिशवी, मागचा रिफ्लेक्टर फुटलेला. दुसरी शिफ्ट सुटली की रात्रीच्या अंधारात तो पांढऱ्या पट्टीच्या कडेकडेनं खोलीवर जातो. पुण्यात सायकलींवर जी चर्चासत्रं होतात तिथे तो नसतो, कारण त्या वेळी तो मशीनवर उभा असतो. टपरीवरचा राग असतो तो पहिल्या सायकलवाल्यावर, आणि सोसावा लागतो या दुसऱ्याला.

आणि हे लोक थोडे नाहीत. 2011 च्या जनगणनेत लोक कामाला कसे जातात हे विचारलं गेलं. शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकी कामं करणाऱ्यांपैकी देशात सुमारे 13 टक्के सायकलवर जात होते. स्कूटर-मोटारसायकलवाल्यांचं प्रमाणही साधारण तेवढंच होतं. मोटारीनं जाणारे तीन टक्क्यांहूनही कमी. तेव्हापासून गाड्या भरपूर वाढल्या हे उघड आहे. पण सायकलवाला गेला असं कुणी म्हणत असेल तर अपघाताची कागदपत्रं पाहावीत. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यात साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते.

आमच्या रस्त्यावर सायकलवाल्याचा जीव ज्याच्यावर टांगलेला असतो ती गोष्ट अगदी साधी आहे. तिला आपण साइडपट्टी म्हणतो. डांबराच्या कडेची मुरमाची दोन-तीन फुटांची पट्टी. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडतो तेव्हा डांबर दोन-तीन इंच वर येतं, मुरूम मात्र तिथेच राहतो. असे दोन-तीन थर झाले की कडेला चांगली पायरी तयार होते. पाऊस ती पायरी आणखी कोरतो, आणि मुळशीच्या पावसाबद्दल मी काय सांगावं. मागून बस आली, हॉर्न वाजला, की सायकलवाल्याला डांबरावरून खाली उतरायचं असतं. चारचाकीचं रुंद चाक ती पायरी सहज उतरतं. सायकलीचं सव्वा-दीड इंचाचं चाक तिरकं उतरलं की घसरतं आणि माणूस आत, डांबराच्या बाजूला पडतो. कुठे गटारावरच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनं लांब बसवलेल्या असतात, त्यात पुढचं चाक अडकतं. घाटात वळणावर दिवा नसेल तर हे सगळं अंधारात.

म्हणून शर्यतीसाठी रस्ते गुळगुळीत झाले तो खर्च सायकलींवरचा खर्च म्हणायचा की नाही, याबद्दल मला शंका आहे. पाच दिवस त्यावरून सायकलपटू गेले आणि वर्षाचे बाकीचे 360 दिवस त्यावरून गाड्याच जाणार. डांबर गुळगुळीत झालं की गाड्यांचा वेग वाढतो. कडेची पायरी जर तशीच राहिली, तर शिफ्टवाल्या सायकलस्वारासाठी रस्ता आधीपेक्षा अवघडच झाला. टपरीवर मी हे बोललो तेव्हा एक टेम्पोवाला म्हणाला, ‘‘काका, साइडपट्टी नीट केली तर आम्हालाही ओव्हरटेक करताना धाकधूक नाही.’’ मला वाटतं या सगळ्या वादात त्याच्याइतकं नेमकं कुणी बोललं नसेल. सायकलवाल्याला हक्काची कड मिळाली की मोटारवाल्याची वाट आपसूक मोकळी होते.

यावर अधिकारी मंडळींचं एक ठरलेलं उत्तर असतं, की सायकली मोजा, पुरेशा असतील तर बघू. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसनं 1962 सालीच यासाठी निकष घालून दिलेला आहे. रस्त्यावर तासाला दोनशेहून अधिक मोटारगाड्या जात असतील, तर गर्दीच्या तासाला शंभर सायकली असल्या तरी वेगळा मार्ग योग्य ठरू शकतो, असं त्यात म्हटलं आहे. दोनशे गाड्या आमच्याकडे काही मिनिटांत होतात, त्याबद्दल वाद नको. राहिला प्रश्न शंभर सायकलींचा. पण ज्या गावाला एसटी जात नाही त्या गावच्या फाट्यावर उभं राहून प्रवासी मोजले तर किती भरतील? ज्याला शक्य होतं त्यानं हप्त्यानं दुचाकी घेतली, ज्याला नव्हतं तो वडापमध्ये दाटीवाटीनं बसून जातो. जे उरले ते अगदीच नाइलाज असलेले. त्यांची संख्या म्हणजे सायकलची गरज नव्हे, ती भीती मोजल्यासारखी आहे.

आणखी एक विसंगती मला नेहमी जाणवते. राज्यातल्या मागास 125 तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल घ्यायला पैसे मिळतात. 2022 मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार केली. बिहारमध्ये 2006 पासून अशी योजना आहे आणि तिनं मुलींची शाळेतली संख्या वाढल्याचं अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. या खर्चाला टपरीवर कुणी नाव ठेवत नाही. उलट सगळ्यांना कौतुक वाटतं. मुलीला सायकल द्यायला आपली ना नाही, पण ती सायकल जिच्यावरून चालेल ती चार फुटांची जागा मागितली की ‘खर्च कशाला’ सुरू होतं. 

मग हे करायचं कुणी? इथे खरी गुंतागुंत आहे. पुणे महापालिकेची हद्द आमच्या बाजूला बावधनपाशी संपते, तेव्हा तिचा 824 किलोमीटरचा आराखडा भूगावला पोहोचत नाही. पिरंगुटला ग्रामपंचायत आहे, पण महामार्ग तिच्या हातात नाही. आसपासच्या विकासाचं नियोजन 2015 मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएकडे. रस्ता राष्ट्रीय महामार्ग. गावातून महामार्गाला येऊन मिळणारे रस्ते कुणाचे जिल्हा परिषदेचे, कुणाचे सार्वजनिक बांधकाम खात्याचे. प्रत्येक दारावर ‘आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर तयार. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तिनं एक दार उघडलं आहे. पायी चालणारे आणि विनाइंजिनाची वाहनं यांच्या रस्त्यावरच्या वावराबद्दल राज्य सरकारला नियम करता येतात. आणि रस्त्याच्या रचनेत, बांधणीत किंवा देखभालीत सुरक्षेची ठरलेली मानकं पाळली नाहीत म्हणून कुणी दगावलं किंवा जायबंदी झालं, तर ठेकेदाराला आणि संबंधित यंत्रणेला दंड होऊ शकतो.

दंडाची वाट पाहण्यापेक्षा निविदा निघण्याआधी बोललेलं बरं. रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक एकदा मंजूर झालं की कनिष्ठ अभियंत्याची इच्छा असली तरी त्याला साइडपट्टीचा मुरूम, ती डांबराच्या पातळीला आणणं, जाळ्या आडव्या बसवणं, कडेची पांढरी पट्टी आणि रिफ्लेक्टर यांचा खर्च त्यात घुसवता येत नाही. तेव्हा नव्या थराचं अंदाजपत्रक तयार होत असतानाच गावाचा ठराव तिथे पोहोचायला हवा. ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला भरतात, पिरंगुटलाही आणि भूगाव, भुकूम, भरे, उरवडे, कासार आंबोलीलाही. ठरावात ‘सायकल ट्रॅक’ हा शब्द घालू नका असा माझा सल्ला आहे, त्यानं टपरीवरचं भांडण पुन्हा पेटतं. ‘डांबराच्या पातळीला आणलेली पक्की साइडपट्टी, दोन्ही बाजूंनी, लवळे फाट्यापासून कासार आंबोलीपर्यंत’ एवढंच लिहा, खाली सायकलवाल्यांच्या आणि टेम्पोवाल्यांच्या दोघांच्याही सह्या घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.